सूर्यास्तानंतर जेवण बंद आणि गोळी मात्र चालू? हा सल्ला धोक्याचा आहे

‘हार्वर्डच्या शास्त्रज्ञाने सिद्ध केले’ अशा सुरुवातीचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्यातले दावे असे: सूर्यास्तानंतर पचन थांबतं आणि खाल्लेलं सगळं चरबी होतं, रात्रीची भूक खोटी असते, आठ तासांच्या आत कितीही खाल्लं तरी वजन वाढत नाही, आणि मधुमेह असेल तर रात्रीचं जेवण आजपासून बंद करा, गोळ्या नेहमीप्रमाणे घ्या. माझ्या सत्तरीतल्या आत्याने हे वाचून रात्रीचं जेवण सोडलं. ती मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेते. म्हणून शेवटचा दावा आधी घेते.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. ग्लिमेपिराइडचा परिणाम साधारण २४ तास टिकतो, त्यामुळे नाश्त्याबरोबर घेतलेली गोळी रात्रीही काम करत असते. संध्याकाळी ६ ला शेवटचा घास आणि सकाळी ८ ला नाश्ता, म्हणजे मधले १४ तास गोळी रिकाम्या पोटी शुगर खाली ओढते. शुगर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड आणि पुढे बोलण्या-वागण्यात गोंधळ. झोपेत यातलं बरंच कळतच नाही. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रानोलॉल चालू असेल तर धडधड आणि थरथर दबते, घाम तेवढा येतो. मूत्रपिंडं कमजोर असतील तर धोका आणखी वाढतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका आहे. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर तो बराच कमी.

शुगर उतरलीच तर तीन छोटे चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून द्यायची, १५ मिनिटांनी ग्लुकोमीटरवर तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुगर वर आली की पोळीभाजी खायला द्या, कारण गोळीचा असर संपलेला नसतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. आणखी एक गोष्ट फार थोड्या घरांत माहीत असते. गोळीत व्होग्लिबोज असेल (ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनबरोबर ते एकाच गोळीत सर्रास असतं) तर घरातली साखर आतड्यात लवकर फुटत नाही. अशांना ग्लुकोज पावडरच द्यावी लागते. पाकिटावरची नावं आजच वाचून ठेवा. जेवणाची वेळ बदलायची असेल तर आधी डॉक्टरांकडून गोळीचा डोस आणि वेळ बदलून घ्या.

आता पहिला दावा. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करायलाच हवं. हार्वर्डमध्ये प्राध्यापक असलेले फ्रँक शीअर यांच्या गटाने बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये केलेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेली १६ माणसं, तेच जेवण, तेवढ्याच कॅलरी. एका फेरीत जेवणं लवकर, दुसऱ्या फेरीत सुमारे चार तास उशिरा. उशिराच्या फेरीत भूक लागण्याची शक्यता दुप्पट झाली. पोट भरल्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन जागेपणी १६ टक्क्यांनी घटलं. कॅलरींचा खर्चही जागेपणी सुमारे ५ टक्क्यांनी, म्हणजे साधारण ६० कॅलरींनी, कमी झाला. ६० कॅलरी म्हणजे जेमतेम एक छोटा फुलका. एवढ्यावरून ‘सगळं चरबी होतं’ कसं म्हणणार? पचन थांबल्याचं तर या प्रयोगात कुठेच नाही. शिवाय जेवणाच्या वेळा त्या माणसांच्या झोपण्या-उठण्यावरून ठरवल्या होत्या, सूर्य कधी मावळतो याचा त्यात काही संबंध नव्हता.

‘खोटी भूक’ तर याच शास्त्रज्ञाच्या कामाने खोडली जाते. २०१३ च्या त्यांच्या अभ्यासात १२ निरोगी माणसांना प्रयोगशाळेत २० तासांच्या ‘दिवसा’वर ठेवलं होतं, म्हणजे जेवण-झोपेचा परिणाम वेगळा काढता यावा. तेव्हा दिसलं की शरीरातल्या घड्याळानुसार भूक सकाळी ८ च्या सुमाराला सर्वांत कमी आणि रात्री ८ च्या सुमाराला सर्वांत जास्त असते. रात्री भूक लागते म्हणून कुणी स्वतःला कमजोर मनाचं समजू नये. ती शरीरातूनच येते.

आठ तासांत कितीही खा, हा दावा उंदरांवरून उचललेला दिसतो. सॉल्क इन्स्टिट्यूटमधल्या सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने २०१२ मध्ये स्निग्ध खाद्य फक्त आठ तास मिळणारे उंदीर तुलनेने सडपातळ राहिल्याचं दाखवलं. माणसांवरची २०२० ची चाचणी पाहा: ११६ जणांचे दोन गट, १२ आठवडे, एका गटाचं खाणं फक्त दुपारी १२ ते रात्री ८. त्या गटाचं वजन सरासरी ०.९४ किलोने घटलं. दिवसातून तीन वेळा जेवणाऱ्या दुसऱ्या गटाचं ०.६८ किलोने. दोन्हींतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.