मुलगी असूनही

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबेल.

सोसायटीच्या कार्यक्रमात भाचीचा तबला होता. नववीत आहे. ती हातोडीने गट्टे ठोकत तबला सुरात लावत होती आणि निवेदक माइकवर म्हणाला, "मुलगी असूनही काय वाजवते बघा! आणि दिसतेय पण किती गोड!" अजून एक बोल वाजला नव्हता हो! तरी टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, त्याचाच राग जास्त आलाय.

घरी येऊन तोशिको अकियोशी लावली. जॅझ पियानिस्ट. जन्म 1929 चा, चीनमधल्या मांचुरियात राहणाऱ्या जपानी घरातला. युद्ध हरल्यावर सगळं गमावून कुटुंब जपानला परतलं आणि सोळाव्या वर्षी ही पोर बेप्पूच्या डान्स हॉलमध्ये वाजवायला बसली. पुढे ऑस्कर पीटरसन या नावाजलेल्या जॅझ पियानिस्टने टोकियोत तिला ऐकलं, 1953 मध्ये रेकॉर्ड झाली, 1956 मध्ये ती बॉस्टनच्या बर्कली संगीत विद्यालयात शिकायला गेली. आणि अमेरिकेला दिसलं काय? किमोनो! किमोनोतली बाई बड पॉवेलसारखं, म्हणजे त्या काळच्या बड्या जॅझ पियानिस्टसारखं, वाजवते म्हणे. ते कौतुक वाजवण्याचं नव्हतं, नवलाईचं होतं, हे पुढे तिनेच सांगितलंय.

म्हणजे आमचाच निवेदक, फक्त इंग्रजी बोलणारा.

बरं, त्या नवलाईने चार दारं उघडली असतील. असतील! पण नंतरचं काय? 1973 मध्ये नवरा ल्यू टॅबॅकिनबरोबर लॉस एंजेलिसला बिग बँड, म्हणजे मोठा जॅझ वाद्यवृंद, उभा केला, तीस वर्षं चालवला, त्याच्यासाठी स्वतः लिहिलं. त्यातली 'कोगुन' ही रचना ऐकाच. युद्ध संपलंय हे न मानता 1974 पर्यंत फिलिपिन्सच्या जंगलात राहिलेल्या ओनोदा या जपानी सैनिकावरून सुचलेलं. त्यात जपानी नोह नाटकातल्या त्सुझुमी या तालवाद्याचा ठोका येतो ना, मी दरवेळी हातातलं काम थांबवते. ग्रॅमीची 14 नामांकनं, मिळालं एकही नाही. पुरस्काराने काय होतं म्हणा. तरी चौदा वेळा?

निवेदक तसा भला माणूस आहे. निघताना आमच्यासाठी रिक्षा त्यानेच थांबवली.

रिक्षात भाची बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, ते 'गोड' तिलाही लागलं असावं. मग हळूच म्हणाली, "मावशी, शेवटची तिहाई समेवर आली नाही. कळलं का गं तुला?"

मला कळलं नव्हतं. मी तिच्या परकरावरची चुरगळ बघत होते.