मर्ज का काय ते, तेवढं करून टाक ना

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा प्रकल्पाच्या वेबसाइटवर आपला एखादा लेख यावा असं तुम्हाला वाटतंय? फार छान. असे आलेले लेख तपासून मर्ज करायचं, म्हणजे प्रकल्पात सामील करून घ्यायचं काम मी गेली काही वर्षं करतोय. फुकट. ऐरोलीची नोकरी आणि घोडबंदर रोडचा ट्रॅफिक सांभाळून. तेव्हा चार शब्द सांगायचा अधिकार मला नक्कीच आहे. लिहून घ्या.

रेपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या फाइलींच्या कोठारात, 'कॉन्ट्रिब्युटिंग' नावाची, लेख कसा पाठवायचा ते सांगणारी एक फाइल असते. ती उघडू नका. आम्ही ती टायपिंगचा सराव म्हणून लिहिलेली असते.

'या विषयावर लिहू का?' असा इश्यू, म्हणजे चर्चेची नोंद, आधी उघडून विचारायच्याही फंदात पडू नका. कुणी म्हणालं, की याच विषयावर मागच्या महिन्यात लेख येऊन गेलाय, तर उगाच विरस व्हायचा. त्यापेक्षा सतराशे शब्द एकदम आणून आदळा.

विषय 'ओपन सोर्स म्हणजे काय?' हाच घ्या. ओपन सोर्स प्रकल्पाच्या वेबसाइटवर जो येतो त्याला नेमकं तेच ठाऊक नसतं.

फोर्क, म्हणजे रेपॉझिटरीची स्वतःची प्रत केलीत की सगळे बदल तिच्या मेन ब्रँचवर, म्हणजे मुख्य फांदीवरच करा. त्यामुळे तुमच्या इतर खटपटीही त्याच पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे 'माझे बदल सामील करून घ्या' या विनंतीत, आपसूक येऊन बसतात. सेव्ह करताना फाइली नीटनेटक्या करायची मोकळीक एडिटरला देऊन ठेवा. परवा माझ्याकडे आलेल्या पुल रिक्वेस्टमध्ये एक लेख होता आणि बदललेल्या फाइली 43. त्यातल्या 41 फाइलींत फक्त स्पेस इकडच्या तिकडे झालेल्या. लेख सापडेपर्यंत माझा चहा निवला. कमिट मेसेज, म्हणजे प्रत्येक बदलासोबतची टीप, अनुक्रमे 'अपडेट', 'अपडेट 2', 'फायनल' आणि 'फायनल फायनल'.

फोटो मोबाइलमधून निघाला तसाच, नऊ एमबीचा टाका. नंतर डिलीट केलात तरी काळजी नको, बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासात तो राहतोच. पुढे जो कुणी अख्खी रेपॉझिटरी क्लोन करेल, त्याच्या डिस्कवर तुमची आठवण कायम.

तारखेबद्दल मात्र खरंच सांगतो, कारण यात शहाणेसुद्धा पडतात. लेखाच्या डोक्यावर तारीख-वेळ लिहिताना टाइमझोन लिहू नका. साइट तयार करणारं ह्यूगोसारखं साधन ती वेळ सहसा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ समजतं. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे तुमचे सकाळचे दहा त्याच्या हिशेबी आपले दुपारचे साडेतीन. भविष्यातल्या तारखेचा लेख ते आपणहून दाखवत नाही, आणि साडेतीन वाजले तरी साइट पुन्हा बिल्ड होईपर्यंत लेख गायबच. मधल्या वेळात 'सर, लेख दिसत नाहीये' असे सहा मेसेज पाठवायला तुम्ही मोकळे.

साइन-ऑफची ओळ न वाचता चिकटवा. 2004 मध्ये लिनक्स कर्नलवाल्यांनी ती प्रथा पाडली. 'हे मी लिहिलंय, किंवा हे इथे द्यायचा मला हक्क आहे', एवढाच तिचा अर्थ. अर्थाकडे कोण बघतंय?

आता मुख्य मुद्दा, पाठपुरावा. पुल रिक्वेस्ट टाकली की अर्ध्या तासाने 'एनी अपडेट सर?' विचारा. मग लिंक्डइनवर गाठा. तिथेही दाद लागली नाही, तर तपासणारा कोणत्या सोसायटीत राहतो ते शोधा आणि तिथे आपली एखादी मावशी निघते का बघा. ठाण्यात निघतेच.

माझ्या बाबतीत निघाली. गेल्या रविवारी सकाळी आम्ही दोघं मिसळ खायला म्हणून बाहेर पडत होतो. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू शिरल्या. "अरे, आमच्या भाच्याचं ते मर्ज का काय ते अडकलंय म्हणे तुझ्याकडे. तेवढं करून टाक ना! कॅम्पसचे इंटरव्ह्यू आहेत रे त्याचे. तुला काय, एक बटण तर दाबायचंय." तळमजला येईपर्यंत बायको माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी कुणाचं पेन्शन अडवून बसलोय.

बटण! काकू, ते बटण दाबण्याआधी तो लेख वाचावा लागतो. मी दोनदा वाचला. 'आजच्या वेगवान डिजिटल युगात' इथून सुरुवात आणि 'उज्ज्वल भविष्याकडे वाटचाल' इथे शेवट. मधल्या सहा उपशीर्षकांखाली एकही वाक्य असं नाही जे माणसाने लिहिलंय. यंत्राला सांगितलं, यंत्राने ओकलं, यांनी चिकटवलं. त्यात आमच्या प्रकल्पात नसलेल्या दोन सुविधांची तारीफ. मी 23 टिपणं लिहिली. हो, 23, मिसळ सोडून, दुपारी दोनपर्यंत. एकाचंही उत्तर आलं नाही. पठ्ठ्याने ती पुल रिक्वेस्ट बंद केली आणि तोच लेख नव्या पुल रिक्वेस्टमध्ये टाकला. टिपणं गेली ना मग! पाटी कोरी!

हे काही नवीन नाही म्हणा. 2020 च्या ऑक्टोबरात हॅकटोबरफेस्ट या ओपन सोर्स उपक्रमाच्या टी-शर्टसाठी चार पुल रिक्वेस्ट पुरत होत्या. तेव्हा लोकांनी प्रकल्पांची ओळख करून देणाऱ्या रीडमी फाइलींत एकेक विशेषण घुसवून जगभरच्या प्रकल्प सांभाळणाऱ्यांना इतकं पिडलं, की आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावा लागला: प्रकल्पाने स्वतः होकार दिला असेल तरच मोजणार. तेव्हा टी-शर्ट होता, आता रेझ्युमेवरची एक ओळ आहे. रविवार आमचाच जातो.

आणि तरीही मी एवढा तापलोय तो रविवारसाठी नाही.

त्या सतराशे शब्दांत, पाचव्या उपशीर्षकाखाली, एक वाक्य होतं. शुद्धलेखनाच्या दोन चुकांसकट. 'बाबांच्या पतपेढीच्या यादीत क्षीरसागर खरातांच्या आधी येत होते आणि काळे कासारांच्या आधी, ते मी तुमच्या लायब्ररीने नीट लावून घेतलं.' लायब्ररी म्हणजे आमच्या प्रकल्पाचा तयार कोड. बस, एवढंच. पुढे परत 'डिजिटल युग'.

अरे बाबा, हा तर लेख आहे! युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरांना जे क्रमांक देतो त्या पद्धतीत, क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. म्हणून नुसत्या कोड पॉइंटने, म्हणजे त्या क्रमांकाने लावलं की क्षीरसागर 'क' मध्ये जाऊन बसतात. ळ चा नंबर ल नंतर लगेच, व च्या आधी. आपण शाळेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ म्हणत आलो, ते संगणकाला कुणी सांगितलेलंच नसतं. याच्यावर मराठीत प्रोग्राम लिहिणारा प्रत्येक जण कधी ना कधी डोकं आपटतो. तू आपटलंस, तोडगा काढलास, पतपेढीतल्या माणसांनी ती यादी वापरली. आणि हे सगळं एका ओळीत उरकून वर यंत्राचा सतराशे शब्दांचा भुसा ओतलास? तुला तुझंच काम सांगण्यासारखं वाटलं नाही?

नव्या पुल रिक्वेस्टवर मी लिहिलं, की बाकी सगळं काढ, एवढंच लिही. तू 'ओके सर' म्हणालास आणि त्या एका वाक्याची, त्याच यंत्राकडून, चार उपशीर्षकं करून आणलीस. लाज वाटायला हवी. मला इंग्रजी चुकलेलं चालतं, मराठी चुकलेलं चालतं, ते दुरुस्त करायलाच बसलोय मी. न केलेल्या विचाराला मी काय दुरुस्त करू? आणि मावशीला पुन्हा लिफ्टमध्ये पाठवू नकोस.

दार अजून उघडं आहे. तीनशे शब्द पुरेत, तुझे. पण ते याच ब्रँचवर टाकू नकोस, नवी ब्रँच काढ आणि जुनी तुझ्या फोर्कमधून आज रात्रीच उडव. त्या नऊ एमबीच्या फोटोत तुझ्या स्क्रीनवरची पतपेढीची यादी दिसतेय. सभासदांच्या फोन नंबरांसकट.