पंधराशेत न बसणाऱ्या गोष्टी

नौपाड्याला घरी व्हिडिओ कॉल लावला की पहिली दहा मिनिटं 'लाडकी बहीण'वर जातात. काकांचं ठरलेलं, "तिजोरी रिकामी केली आणि बायकांना फुकटची सवय लावली." आईचंही ठरलेलं, "तुमच्या पेन्शनला कुणी फुकट म्हणतं का?" मी व्हिएन्नात बसून ऐकते. मत आईच्या बाजूचं, पण पूर्ण नाही.

२०२४च्या राज्य अर्थसंकल्पात योजना आली, महिन्याला १५०० रुपये. आमच्या पोळ्यांच्या मावशी कळव्याहून येतात. नवऱ्याला न विचारता काढता येतील असे पैसे त्यांच्या खात्यात आयुष्यात पहिल्यांदा आले. काकांना त्याचं मोल कळणार नाही. पण याच मावशी सकाळी चहा अर्धाच घेऊन निघतात. पाच घरांपैकी बाथरूम वापरू देतो ते आम्हीच, आणि वाटेतल्या सार्वजनिक शौचालयाला कडी नाही. कडी काय, शंभर रुपयांत येईल. ती बसवायची मात्र पालिकेनं, मावशींनी नव्हे.

केंद्र सरकार २००५-०६पासून अर्थसंकल्पासोबत बायकांसाठीच्या खर्चाचा वेगळा तक्ता देतं. एका भागात पूर्णपणे बायकांसाठीच्या योजना, दुसऱ्यात किमान ३० टक्के वाटा असलेल्या, आणि अलीकडे तिसऱ्यात त्याहून कमी वाटा असलेल्या. बायकांचा वेळ कुठे जातो, ते त्या तक्त्यात सापडत नाही. 'लाडकी बहीण'चे अर्ज भरून घेतले ते अंगणवाडी सेविकांनी, आणि त्यांना आजही पगार नाही, 'मानधन' मिळतं. केंद्राचं मानधन २०१८मध्ये ३००० वरून ४५०० झालं, त्याचीही केवढी जाहिरात!

इथे ऑस्ट्रियातही सगळं आलबेल आहे असं नाही. सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी आपल्याकडे २०१८मध्येच शून्य झाला, ऑस्ट्रियात तेव्हा २० टक्के कर होता. इथल्या नोकरदार बायकांपैकी जवळपास निम्म्या अर्धवेळच काम करतात. पण बजेट मांडताना स्त्री-पुरुष समानतेचं उद्दिष्ट ठेवायचं, हे इथे २००९पासून राज्यघटनेतच आहे, आणि त्याच वर्षी व्हिएन्नाने बालवाडीची फी माफ केली. माझा मुलगा पाच वाजेपर्यंत तिथे असतो. मी नोकरी करू शकते ती त्यामुळेच, माझ्या कर्तबगारीमुळे नव्हे.

हे मी काकांना ऐकवत होते, तेव्हा मागे मावशी कणीक मळत होत्या. हात तसेच ठेवून त्या फोनपाशी आल्या.

"पाच वाजेपर्यंत ठेवतात पोराला? फुकट?"

"जेवणाचे तेवढे घेतात, मावशी."

"आमची अंगणवाडी दुपारीच सोडते." त्या ओट्याकडे वळल्या. "नाहीतर सुनेनं मॉलमधलं काम सोडलं नसतं."

काकांनी विषय बदलला, तिकडे थंडी किती म्हणून.