खुलासा : घड्याळ रक्तातली साखर मोजत नाही

‘सुई न टोचता मनगटावरचं घड्याळ साखर सांगतं, ग्लुकोमीटर आता विसरा’ असा मेसेज आठवडाभर फिरतोय. परवा मीच तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. चूक माझी.

अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला होता : त्वचेला न छेदता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. घड्याळामागचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्तप्रवाहाचे चढउतार टिपतो, त्यावरून नाडीचे ठोके कळतात. साखरेचं गणित इतकं सोपं नाही. काहींच्या घड्याळावर साखरेचा आकडा खरंच दिसतो, पण तो येतो दंडावर चिकटवलेल्या सीजीएम, म्हणजे सतत साखर मोजत राहणाऱ्या सेन्सरकडून, आणि त्याची बारीक तार त्वचेखाली असतेच. गोंधळ बहुधा इथेच झाला असावा.

पावलं, झोप, नाडी यांसाठी घड्याळ खुशाल वापरा, मीही वापरतो. पण त्याच्या भरवशावर इन्सुलिनचा डोस ठरवू नका. चुकीच्या डोसने साखर एकदम उतरली तर जिवावर बेतू शकतं. तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.