निकाल विरुद्ध गेला? मग त्याच साहेबांकडे परत जा!

निकाल लागला, थोरल्या भावाने बांधावरून तुमच्यावर लावलेला ताब्याचा दावा खर्चासह मंजूर झाला आणि कोर्टाच्या आवारातल्या टपरीवर चहा यायच्या आत मेव्हण्याने सल्ला दिला, "भाऊजी, रिव्ह्यू टाका, म्हणजे फेरविचाराचा अर्ज." मेव्हण्याचं ऐका. तो वकील नसेल, पण एक वाटपाचा दावा आणि दोन फौजदाऱ्या अंगावर घेतलेला माणूस आहे. अपील करायचं म्हणजे जिल्हा न्यायालयात जा, नव्या न्यायाधीशांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगा. कुणी सांगितलाय तो व्याप? त्यापेक्षा ज्या साहेबांनी तुमचे साक्षीदार तपासले, सातबारे चाळले, दोन्ही बाजूंचा युक्तिवाद ऐकला आणि मग शांत डोक्याने तुम्हाला हरवलं, त्यांनाच विचारावं की पुन्हा एकदा बघता का. नकार आलेल्या घरी महिन्याभरात परत पोहे खायला जाण्यातलाच हा प्रकार. इथे पोह्यांचा खर्चही आपलाच असतो.

कायदा तुमच्या बाजूने आहे, हे आधी मनाशी पक्कं करा. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८. तिचं कलम ११४ आणि आदेश ४७. फेरविचारासाठी तिथे तीन कारणं दिली आहेत: पूर्ण काळजी घेऊनही तेव्हा हाती न आलेला नवा आणि महत्त्वाचा पुरावा, अभिलेखावर उघड दिसणारी चूक, आणि 'इतर कोणतंही पुरेसं कारण'. मेव्हण्याला यातलं तिसरंच तेवढं पाठ आहे. 'कोणतंही' म्हणजे कोणतंही! साहेबांचा मूड, समोरच्या वकिलाची जात, त्या दिवशीची अमावस्या. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या लंडनच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १९२२ साली छज्जूराम विरुद्ध नेकी या प्रकरणात सांगून ठेवलं आहे की हे तिसरं कारण पहिल्या दोनांच्याच जातकुळीतलं हवं. पण शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये कुणी काय म्हटलं, त्याचा आपल्या बांधाशी काय संबंध?

आता उघड चूक. इथे मात्र जीव ओतून काम करा. कायद्याची अपेक्षा अशी की कागद समोर धरला की चूक दिसली पाहिजे. ती दाखवायला लांबण लावावं लागलं तर ती उघड नव्हे. म्हणून तुमचा अर्ज अडतीस पानांचा हवा. सुरुवात ठरलेली आहे: 'सदर निकालात अभिलेखावरून स्पष्ट व उघड दिसणारी चूक झाली असून ती खालीलप्रमाणे'. मग खाली घ्या निशाणी ४५ वरच्या साक्षीदाराची उलटतपासणी, तिचं तिसरं पान, त्यातलं 'हे म्हणणे खरे आहे' हे वाक्य, त्याच्या पुढच्याच ओळीतलं 'हे म्हणणे खरे नाही' हे वाक्य, मोजणीचा नकाशा, नकाशावर मोजणीदाराने पेन्सिलीने काढलेली तुटक रेघ, ती रेघ बाभळीच्या अलीकडून जाते की पलीकडून याचं दीड पान विवेचन, आणि मग निष्कर्ष: साहेबांनी पुराव्याचं मूल्यमापन चुकीचं केलं. ही चूक डोळ्यांना सहज दिसावी म्हणून महत्त्वाच्या ओळी पिवळ्या हायलायटरने रंगवा. सगळं पान पिवळं झालं तरी हरकत नाही.

न्यायाधीशाचं मत चुकलं, असं तुम्हाला वाटणं वेगळं आणि निकालात चूक असणं वेगळं, हा भेद न्यायालयं फार जपतात. चुकीचा निकाल दुरुस्त करायला अपील आहे. फेरविचार म्हणजे वेष पालटून आलेलं अपील नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने तुंगभद्रा इंडस्ट्रीजच्या प्रकरणात साठच्या दशकातच सांगितलं, आणि तेव्हापासून ते वाक्य इतक्या निकालांत उतरलंय की तुमचा अर्ज फेटाळणाऱ्या आदेशातही ते असणार. ओळखीचं कुणी भेटावं तसं त्याचं स्वागत करा.

नवा पुरावा शोधायचा तर आजीची ट्रंक उघडा. निकालानंतरच्या आठवड्यात आजीच्या ट्रंकेत काय काय सापडतं, याला तोड नाही. १९६८ चा फेरफार सापडतो, तोही घडी न मोडलेला. अडचण एवढीच की तोच फेरफार तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात इतकी वर्षं पडून होता आणि नकलेचा अर्ज दिला असता तर केव्हाच हातात आला असता. 'पूर्ण काळजी घेऊनही' हे शब्द इथे आडवे येतात. शपथपत्रात लिहा, 'अर्जदार हा अशिक्षित शेतकरी असून त्यास सदर दस्ताची माहिती नव्हती.' खाली सही इंग्रजीत, झोकदार करा.

सर्वोच्च न्यायालयाचा एखादा नवा निवाडा तुमच्या बाजूने आला, तर हुरळून जायला पूर्ण मुभा आहे. १९७६ च्या दुरुस्तीने आदेश ४७ मध्ये एक स्पष्टीकरण घातलं गेलं: निकाल ज्या कायदेशीर मुद्द्यावर उभा आहे, तो मुद्दा वरच्या न्यायालयाने नंतर दुसऱ्या प्रकरणात फिरवला, तरी तेवढ्याने फेरविचार होत नाही. हे स्पष्टीकरण नियमाच्या अगदी शेवटी आहे. तिथवर कोण वाचतो?

वकील बदलायला विसरू नका. जुन्या वकीलसाहेबांना केस तोंडपाठ असते आणि ते 'यात दम नाही, अपील करा' असं काहीतरी अशुभ बोलतात. नव्या वकिलाला फाईल कोरी असते, त्यामुळे त्याला सगळंच नवं आणि सगळंच उघड दिसतं. फेरविचाराच्या टप्प्यावर वकील बदलून येण्याच्या या चालीवर सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकात, तमिळनाडू विद्युत मंडळाच्या एका प्रकरणात, कडक शब्दांत नाराजी नोंदवली. म्हणजे ही चाल देशभर चालते, एवढं तरी सिद्ध झालं.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. निकालात गट नंबर २१४ च्या जागी २४१ पडला असेल, बेरीज चुकली असेल, टंकलेखनात एखादं नाव गळलं असेल, तर कलम १५२ खाली साधा दुरुस्तीचा अर्ज देता येतो. त्याला मुदतीची भीती नाही, वादावादी नाही. दोन पानांत काम होतं. असल्या अर्जाने गावात कुणाचं नाव झालेलं मी पाहिलेलं नाही.

सुनावणी कोणासमोर? निकाल देणारे साहेब त्याच न्यायालयात असतील तर त्यांच्याचसमोर. त्यांची बदली झाली असेल तर नव्या साहेबांसमोर, ज्यांना दुसऱ्याने लिहिलेल्या निकालात हात घालायची केवढी हौस असते ते तुम्हाला पहिल्याच तारखेला कळेल. कारण पुरेसं वाटलं नाही तर समोरच्याला नोटीस न काढताच अर्ज नामंजूर होऊ शकतो. तुम्ही पुन्हा हरलात हे तुमच्या थोरल्या भावाला कळणारही नाही. हा या मार्गाचा खरा फायदा.

आणि अर्ज चुकून मंजूर झालाच, तर त्या मंजुरीविरुद्ध भाऊ लगेच अपील करू शकतो. तुमचा नामंजूर झाला तर त्या नामंजुरीवर तुम्हाला अपील नाही. फेरविचाराचा फेरविचारही नाही. आदेश ४७ च्या नियम ९ ने ते दार बंद केलंय. मेव्हण्याने एव्हाना 'क्युरेटिव्ह', म्हणजे फेरविचारानंतरची शेवटची याचिका, हा शब्द ऐकलेला असेल. ती सोय २००२ पासून आहे, पण सर्वोच्च न्यायालयात आणि तिथलाच फेरविचार फेटाळला गेल्यावर. तालुक्याच्या कोर्टातून तिथे थेट एसटी नाही.

राहता राहिली मुदत. फेरविचाराला ३० दिवस. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस. नकलेसाठी गेलेले दिवस दोन्हीकडे वजा. दोन्ही घड्याळं एकाच दिवशी सुरू होतात, आणि नुसता फेरविचाराचा अर्ज पडला म्हणून अपिलाचं घड्याळही थांबत नाही आणि निकालाच्या अंमलबजावणीची भावाची दरखास्तही थांबत नाही. तुम्ही बाभळीवर युक्तिवाद करत असताना बेलिफ ताब्याचं वॉरंट घेऊन बांधावर आलेला असू शकतो. त्याला अडतीस पानं दाखवा. पाणी मागून तो पंचनामा लिहायला घेईल.

मग अपील उशिराने दाखल करायचं, सोबत विलंब माफीचा अर्ज जोडून. त्यात 'फेरविचार अर्जाचा प्रामाणिकपणे पाठपुरावा करत होतो' असं लिहिलं तर ते खरं असतं आणि कधीकधी मान्यही होतं. तरी मेव्हणा काविळीचा दाखला आणतो म्हणालाय. तारीख तेवढी मागची घालायला सांगा, आणि त्या काळात तुम्ही कोर्टात हजर असल्याची रोजनाम्यावरची नोंद डॉक्टरसाहेबांना दाखवू नका.