‘7 दिवसांत घरगुती सायडर’ : त्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. थोडक्यात तो असा : 2 लिटर सफरचंदाचा रस, एक वाटी साखर, चमचाभर यीस्ट. काचेच्या बाटलीत भरा, झाकण घट्ट आवळा, 7 दिवस कपाटात ठेवा. फळाचाच रस आहे, दारू नव्हे, त्यामुळं कायद्याची भानगड नाही. गुण ॲपल सायडर व्हिनेगरचे, शुगरवाल्यांनीही रोज एक पेला घ्यावा.

हे लिहायला बसलो ते शिवाजी पेठेतल्या आत्तीमुळं. तिनं फोन करून विचारलं, “अरे, तू तिकडं हे करायचास न्हवं? मी घेऊ का रोज सकाळी?” आत्तीनं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही आणि तिला मधुमेहाची गोळी चालू आहे. मी नोकरीनिमित्त 3 वर्षं इंग्लंडमध्ये सॉमरसेटला होतो. तिथं स्वतःपुरती सायडर, म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस, घरी करायला मुभा आहे आणि मी ती मनापासून करायचो. म्हणूनच हा मेसेज मला सोडवत नाही.

“फळाचा रस आहे, दारू नव्हे.” उसाचा रस दुपारभर उघडा राहिला की त्याचं काय होतं, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. सफरचंदाच्या 1 लिटर रसात साधारण 100 ग्रॅम साखर असते. ती सगळी आंबली तर सुमारे 51 ग्रॅम अल्कोहोल होतं, म्हणजे 6 टक्क्यांच्या आसपास. बिअरही एवढीच असते. मेसेजातली वाटीभर साखर 150 ग्रॅम धरली आणि तीही पुरती आंबली, तर आकडा 11 टक्क्यांपर्यंत जातो. ही वाइनची ताकद झाली. आत्ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर वाइन प्यायली असती आणि तिला ते कळलंही नसतं.

“व्हिनेगरचेच गुण.” व्हिनेगर ही पुढची पायरी आहे. ॲसिटोबॅक्टर नावाचे जिवाणू अल्कोहोलचं ॲसेटिक ॲसिड करतात, पण त्यांना हवा लागते आणि कित्येक आठवडे लागतात. झाकण आवळलेल्या बाटलीत 7 दिवसांत व्हिनेगर होणारच नाही. मेसेजमध्ये दिलेली कृतीच त्याचा दावा खोडून काढते.

“शुगरवाल्यांना चालतं.” सगळ्यात घातक ओळ ही आहे. पोट रिकामं असताना लिव्हर रक्तात साखर सोडून तोल सांभाळतं. अल्कोहोल ते काम अडवतं. त्यात ग्लिमेपिराइडसारखी इन्सुलिन वाढवणारी गोळी किंवा इन्सुलिनचं इंजेक्शन चालू असेल, तर साखर धोकादायक इतकी खाली येऊ शकते. घाम, थरथर, बोलणं अडखळणं. घरच्यांना वाटेल जरा चढलीय, झोपू दे. असं झोपवून ठेवलेलं माणूस बेशुद्ध होऊ शकतं.

“कायद्याची भानगड नाही.” आहे. 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि अल्कोहोल असलेला द्रव त्यात मद्य म्हणूनच धरला जातो, मग तो मोहाचा असो की सफरचंदाचा. उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय मद्य करणं गुन्हा आहे. मद्य हा राज्यांचा विषय असल्यानं दुसऱ्या राज्यातला नियम इथं लागत नाही. परदेशातला तर नाहीच. अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्रीय पातळीवर सूट मिळाली तीसुद्धा 1978 च्या कायद्यानं. तिकडचे व्हिडिओ तिकडच्या कायद्यावर चालतात. मला हा छंद प्रिय होता, तरी इथं आल्यापासून मी तो बंद ठेवलाय.

“झाकण घट्ट आवळा.” 1 लिटर रस पूर्ण आंबला की 25 लिटरहून जास्त गॅस निघतो. म्हणून आंबताना बरणीच्या तोंडाला पाणी भरलेली वाकडी नळी लावतात. गॅस बुडबुडत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. बाटलीत भरण्याआधी हायड्रोमीटर बुडवून साखर किती उरली ते पाहतात. दुसऱ्या वर्षी मी घाईत ते पाहिलं नाही. मध्यरात्री जिन्याखालच्या कपाटात स्फोटासारखा आवाज झाला. सकाळी पाहतो तर बोटाएवढी काच दाराच्या फळीत रुतलेली, माझ्या कमरेच्या उंचीवर.

यीस्टबद्दल मेसेज खोटं बोलत नाही, पावाचं यीस्टही आंबवतं.

आत्तीनं बाटली भरून ठेवलेलीच होती, देवघराच्या कपाटात. तुमच्याकडंही असेल तर हलवून बघू नका. बाटलीवर जाड ओला टॉवेल गुंडाळा, आपला चेहरा लांब ठेवून ती हळूच फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभर गार झाली की आंबणं मंदावतं आणि गॅस रसात विरघळून दाब उतरतो. मग डोळ्यांवर चष्मा लावून, टॉवेल तसाच ठेवून, मोरीत झाकण थोडं थोडं सैल करा. फुसफुस थांबली की सगळं ओतून द्या.