कापड सोडून सगळं रंगतं

दोन वर्षांच्या पोराला कापड रंगवायला बसवणं म्हणजे रहाड (रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात तो जमिनीतला हौद) घरात आणणं. नाशकात रंगपंचमीला रहाडीत धप्पा, म्हणजे धपकन उडी, मारणारे निदान कपडे घरूनच भिजायच्या तयारीने घालून येतात. इथे धप्पा पातेल्यात बसतो आणि शिंतोडे देव्हाऱ्यापर्यंत जातात. तरीही मी या उद्योगाच्या बाजूने आहे. अट एकच: उकळणं, गाळणं, तुरटी हे सगळं आदल्या रात्री, पोर झोपल्यावर. त्याच्या वाट्याला कोमट रंग आणि पाच मिनिटं. सहावं मिनिट त्याच्यापाशी नसतंच.

कापड मांजरपाट नाहीतर जुना सुती पंचा. कोरं कापड आधी धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात धुवायचं. खळ राहिली की रंग कापडाऐवजी खळीला धरतो आणि पहिल्याच धुण्यात तिच्यासोबत मोरीत जातो. शिवलेला झबला रंगवलात तर टिपेचा दोरा बहुधा पॉलिस्टरचा निघतो आणि पांढरा तो पांढराच राहतो.

सूत मुळात आढ्यताखोर, मध्यस्थाशिवाय रंगाशी बोलत नाही. तो मध्यस्थ म्हणजे तुरटी: 100 ग्रॅम कोरड्या कापडाला 15 ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून, रात्रभर. नखं मात्र लोकरीच्या जातीची, प्रथिनांची. त्यांना मध्यस्थ लागत नाही. म्हणून पंचा फिका आणि पोराची नखं पिवळीजर्द.

बीट आणू नका. किसताना रक्तपात झाल्यासारखं वाटतं, कापडावर छान गुलाबी उतरतं आणि एका धुण्यात मळकट बदामी होतं. लासलगावच्या जिल्ह्यात राहून कांद्याची सालं सोडायची कशाला? भाजीवाल्याच्या गोणीच्या तळाशी फुकट असतात. कापडाच्या वजनाइतकी घ्यायची. (100 ग्रॅम सालं म्हणजे किती, हे पिशवी उशीएवढी फुगल्यावर समजतं.) तीन लिटर पाण्यात पाऊण तास उकळून गाळली की सोनेरी-तांबूस रंग. पातेलं स्टीलचंच. लोखंडी कढईत सालीतलं टॅनिन लोखंडाशी संधान बांधतं आणि सोन्याचं शेवाळ होतं.

कापड पाण्यात भिजवून, पिळून मगच पोराच्या हाती द्या. कोरड्या घड्यांवर रंगाचे नकाशे उमटतात. बांधणीचे रबर मोठ्यांनी बांधायचे. आत गोट्या, हरभरे घालू नका, कारण या वयात हाताला लागलेली वस्तू आधी तोंडात जाते. बाजारच्या रंगाच्या पुड्याही नकोत. भुकटी उडते, नाकात जाते.

खरी गंमत हळदीची. लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे हळद, कापड बुडवून वाळवलेलं. पोराच्या हाती दाढीचा जुना ब्रश आणि वाटीभर साबणाचं पाणी द्या. ब्रश टेकला की पिवळ्यावर लालभडक फराटा! हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं ते याच न्यायाने. वर मोठ्यांनी लिंबू पिळलं की फराटा पुन्हा पिवळा. याला पोरं हरखतात, आणि मग ब्रश कापड सोडून भिंतीकडे वळतो.

कापड सावलीतच वाळवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. फरशीच्या सांध्यांत गेलेली हळद मात्र राहते. तिथे ऊन पोचत नाही.